लिबेरो संपत आला तेव्हाचा लिबेरो: होंग म्युंग-बोची कारकीर्द

प्रश्न थोडक्यात असा: 2002 च्या फुटबॉल विश्वचषकात स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल ओलिव्हर कानला, दुसऱ्या क्रमांकाचा सिल्व्हर बॉल रोनाल्डोला आणि तिसऱ्याचा ब्राँझ बॉल दक्षिण कोरियाचा बचावपटू होंग म्युंग-बो याला मिळाला. त्या स्पर्धेत त्याने खेळाच्या ओघात एकही गोल केला नव्हता, डोळ्यांत भरतील असे टॅकलही फारसे नाहीत. मग त्याच्यात पाहिलं काय? आणि जुने सामने आता बघायचे तर नजर कुठे ठेवायची?

आधी ठोस माहिती. जन्म 12 फेब्रुवारी 1969, सोल. शिक्षण कोरिया विद्यापीठात. राष्ट्रीय संघाकडून 136 सामने, 10 गोल. 1990, 1994, 1998 आणि 2002 असे लागोपाठ चार विश्वचषक, चारही वेळा पाठीवर 20 नंबर. कोरियाने या चार स्पर्धांत मिळून 16 सामने खेळले आणि होंग सगळ्या सोळांत मैदानात उतरला. सलग चार विश्वचषक खेळणारा तो पहिला आशियाई खेळाडू, आणि ब्राँझ बॉल मिळवणाराही पहिला आशियाई.

पण आकड्यांनी उत्तर मिळत नाही. ते त्याच्या जागेत आहे. होंग लिबेरो होता. आपल्याकडे मधल्या बचावपटूला सरसकट स्टॉपर म्हणतात, पण दोन्ही कामं वेगळी. स्टॉपरला एक माणूस नेमून दिलेला असतो: समोरचा स्ट्रायकर जाईल तिकडे जायचं, त्याला वळू द्यायचं नाही. लिबेरोला माणूस नेमलेला नसतो. पुढे दोन स्टॉपर आपापल्या स्ट्रायकरला चिकटलेले आणि हा त्यांच्या मागे मोकळा. स्टॉपर हरला की मागून येऊन झाकायचं, आणि चेंडू ताब्यात आला की तिथूनच हल्ला सुरू करायचा. मोकळा असल्यामुळे समोरचं सगळं मैदान त्याला दिसतं. होंग तरुणपणी मिडफिल्डला खेळलेला. पाय मिडफिल्डरचे आणि जागा शेवटच्या माणसाची, हे मिश्रण त्यामुळेच तयार झालं.

त्याची खरी गोष्ट मात्र पुढे आहे. त्याच्या बारा वर्षांत फुटबॉलचे तीन नियम असे बदलले, की लिबेरो ही जागाच हळूहळू मोडीत निघाली. बहुतेक लिबेरो तिच्याबरोबर गेले. होंग का टिकला, हे कळलं की ब्राँझ बॉलही कळतो.

पहिला बदल 1990 चा. तोवर चेंडू खेळला जाताना शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत असलेला स्ट्रायकर ऑफसाइड (नियमाबाहेर पुढे उभा) ठरायचा; तिथून पुढे रेषेत असणं चालू लागलं. हल्लेखोराला थोडी मोकळीक मिळाली. बचाव सपाट रेषेत ठेवून पुढे सरकायचं आणि स्ट्रायकरला ऑफसाइडमध्ये पकडायचं, तर आता बचावातल्या चौघांनी एकदम हलणं आणखी गरजेचं झालं. लिबेरो त्या रेषेच्या आठ-दहा मीटर मागे उभा असेल तर सापळा लागतच नाही. तो एकटा सगळ्यांना ऑनसाइड ठेवतो.

दुसरा बदल होंगच्या पथ्यावर पडला. 1990 च्या इटलीतल्या विश्वचषकापर्यंत मागे अडचण आली की चेंडू गोलकीपरकडे द्यायचा आणि त्याने तो हातात घ्यायचा, इतकं सोपं होतं. ती स्पर्धा ज्यांनी पाहिली त्यांना हा कंटाळा आठवत असेल. कोरिया तिथे तिन्ही सामने हरला: बेल्जियमशी 0-2, स्पेनशी 1-3, उरुग्वेशी 0-1. होंग तेव्हा विद्यापीठाचा खेळाडू होता. मग 1992 मध्ये नियम आला, की सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू गोलकीपरला हाताने धरता येणार नाही. एका रात्रीत शेवटच्या माणसाची किंमत बदलली. ज्याला दबावाखाली पायाने चेंडू बाहेर काढता येत नाही, तो आता धोका ठरू लागला. होंगला ते येत होतं. त्याच वर्षी तो पोहांगच्या क्लबकडून (तेव्हाचं नाव पोस्को अ‍ॅटम्स, आताचं पोहांग स्टीलर्स) पहिला के-लीग (कोरियाची व्यावसायिक लीग) हंगाम खेळला. संघ विजेता ठरला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून पहिल्याच हंगामातला हा बचावपटू निवडला गेला.

1994 चा अमेरिकेतला विश्वचषक हा नियम लागू झाल्यानंतरचा पहिला. होंग मोकळा खेळला तर काय होतं हे बघायचं असेल तर त्यातला डॅलसचा जर्मनीविरुद्धचा सामना बघा. मध्यंतरापर्यंत कोरिया 0-3 ने मागे: क्लिन्समन, रीडले, पुन्हा क्लिन्समन. पहिला गोल नीट थांबवून बघण्यासारखा आहे. क्लिन्समनची पाठ गोलकडे होती. त्याने चेंडू उचलला, वळला आणि जमिनीवर पडू न देता मारला. माणूसमार्किंगची, म्हणजे एकेका स्ट्रायकरला एकेक बचावपटू (मार्कर) नेमण्याची, मर्यादा इथे दिसते. मार्कर चिकटलेला असूनही स्ट्रायकर एका स्पर्शात वळला, तर मागच्या लिबेरोकडे पुढे येऊन शॉट अडवायला अर्धा सेकंदही उरत नाही. तो जितका खोल, तितका उशिरा पोचणार.

दुसऱ्या अर्धात चित्र उलटलं. दुपारच्या उन्हात जर्मन संघ दमला, होंग मागची जागा सोडून मिडफिल्डमध्ये येऊ लागला, आणि तिथे त्याला धरायला कोणी नेमलेलंच नव्हतं. 52व्या मिनिटाला ह्वांग सन-होंगने गोल केला, 63व्या मिनिटाला होंगने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला. 2-3. शेवटची पंचवीस मिनिटं गतविजेते घड्याळाकडे बघत खेळले. (याच सामन्यात जर्मनीच्या एफेनबर्गने प्रेक्षकांना मधलं बोट दाखवलं आणि त्याची घरी रवानगी झाली. मध्यंतरानंतर कोरियाचा गोलकीपर बदलला आणि ली उन-जे हा 21 वर्षांचा पोरगा आत आला. हे नाव लक्षात ठेवा.)

त्याआधी स्पेनविरुद्धही हेच झालं होतं. नादालला लवकर लाल कार्ड मिळूनही स्पेनने 2-0 आघाडी घेतली. 85व्या मिनिटाला होंगची फ्रीकिक आत गेली, आणि अगदी शेवटी त्याच्याच पासवर सो जंग-वनने बरोबरी साधली. बचावपटूच्या नावावर एका विश्वचषकात दोन गोल. पण ते गोल कधी झाले बघा: संघ मागे पडलेला, गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि लिबेरोला पुढे जायची मुभा मिळालेली. बचाव म्हणून हा संघ भोकाभोकांचाच होता. तरुण होंगवर लिहिणारे बहुतेक जण हे विसरतात.

तिसरा बदल 1998 चा: मागून धोकादायक टॅकल केला तर थेट लाल कार्ड. स्ट्रायकरच्या पाठीला चिकटून खेळणाऱ्या स्टॉपरचं कामच त्यामुळे जोखमीचं झालं. फ्रान्समधल्या स्पर्धेत याचा पहिला मोठा फटका कोरियालाच बसला. मेक्सिकोविरुद्ध हा सक-जू या कोरियन खेळाडूने फ्रीकिकवर गोल केला आणि दोन-तीन मिनिटांत मागून टॅकल केल्याबद्दल तो बाहेर गेला. 1-0 चा सामना 1-3 ने हातचा गेला. पुढचा सामना मार्सेयमध्ये नेदरलँड्सविरुद्ध, 0-5. स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षक चा बम-कुन यांना काढलं. बेल्जियमशी 1-1 करून संघ परतला.

तो 0-5 चा सामना तांत्रिक अंगाने या कारकिर्दीतला सगळ्यात शिकवणारा आहे. दोन मार्कर अधिक एक मोकळा, हे गणित समोर दोन स्ट्रायकर असतील तेव्हाच जुळतं. डच संघ ओव्हरमार्ससारखा वेगवान खेळाडू रुंदीवर ठेवतो आणि बर्गकॅम्प स्ट्रायकरच्या थोडा मागे, मिडफिल्ड आणि बचाव यांच्यामधल्या पट्टीत फिरतो. आता बर्गकॅम्पबरोबर मार्कर पुढे गेला तर मध्ये खड्डा पडतो. नाही गेला तर बर्गकॅम्प मोकळा वळतो. ओव्हरमार्स विंगबॅकच्या (कडेने पुढे-मागे धावणाऱ्या खेळाडूच्या) मागे पळाला तर त्याला अडवायला लिबेरोलाच बाजूला सरकावं लागतं, आणि मग गोलसमोर मोकळा माणूसच उरत नाही. लिबेरोचा दोष नसतो, पण प्रत्येक गोलच्या चित्रात शेवटी तोच धावताना दिसतो. समोरच्या बाकावर डच प्रशिक्षक म्हणून कोण बसलं होतं? गुस हिडिंक.

मधल्या काळात होंग जपानला गेला होता. 1997 पासून बेलमारे हिरात्सुका, जिथे नाकाता हिदेतोशी काही काळ सहकारी होता, आणि 1999 पासून काशिवा रेसोल. काशिवाने 1999 चा लीग कप जिंकला आणि पुढे होंगकडे कर्णधारपद आलं. जे-लीगमध्ये कर्णधार झालेला तो पहिला कोरियन. कोरिया आणि जपान यांच्यातला इतिहास पाहता ही लहान गोष्ट नव्हती. माझ्या मते या वर्षांत त्याचा खेळ पिकला. जपानी लीगमध्ये अंगाला अंग कमी आणि छोटे वेगवान पास जास्त, त्यामुळे तिथे धावून झाकणं फार चालत नाही. चेंडू यायच्या आधी जागा धरावी लागते.

2001 च्या सुरुवातीला हिडिंक कोरियाचे प्रशिक्षक झाले. त्यांनी आधी चौघांची सपाट बचावरेषा लावून पाहिली. कॉन्फेडरेशन्स कपात फ्रान्सकडून 0-5, ऑगस्टमध्ये चेक प्रजासत्ताकाकडून पुन्हा 0-5. कोरियन वर्तमानपत्रांनी त्यांना 'पाच-शून्य' असं टोपणनावच देऊन टाकलं. पुढे ते तिघांच्या बचावाकडे वळले, पण होंग दुखापतीमुळे बाहेर होता आणि परतेल याची खात्री नव्हती. मधल्या जागेवर सोंग चोंग-गुकलासुद्धा वापरून पाहिलं. होंग परतला तो मार्च 2002 च्या युरोप दौऱ्यात: ट्युनिशियाशी 0-0, फिनलंडवर 2-0, तुर्कस्तानशी 0-0. तीन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. मे महिन्यात स्कॉटलंडवर 4-1, इंग्लंडशी 1-1, आणि फ्रान्सकडून 2-3 हार, पण ही हार वर्षापूर्वीच्या 0-5 सारखी नव्हती.

मग बदललं काय? हिडिंकनी होंगचं स्वातंत्र्य कमी केलं. उजवीकडे चोई जिन-चुल, डावीकडे किम ते-यंग, मध्ये होंग. पण आता तो आठ-दहा मीटर मागे नाही, दोघांच्या दोन-तीन मीटर मागे. चेंडू लांब असताना जवळपास एका रेषेत. बाजूच्या दोघांना एकच स्ट्रायकर धरून मैदानभर फिरायची सक्ती नाही. आपल्या पट्ट्यात जो येईल त्याला धरायचा, पट्टा सोडून गेला की पुढच्याच्या हवाली करायचा. होंगने पुढे धावत जाणं जवळजवळ बंद केलं. त्याऐवजी चेंडू पुढे जाऊ लागला. त्याचे सहकारी 35-40 मीटरचा तिरपा पास धरायला आधीच धावू लागलेले असत: एका बाजूला सोंग चोंग-गुक, दुसऱ्या बाजूला ली यंग-प्यो, आणि त्यांच्या पुढे पार्क जी-सुंग आणि सोल गी-ह्यन.

वय 33. हा बदल वयालाही सोयीचा होता, हे उघड आहे. पण खोल उभा राहणारा लिबेरो वेगाची कमतरता अंतराने भरून काढतो. रेषेजवळ आल्यावर ती सोय जाते, मग फक्त अंदाज उरतो. पाठीमागे मोकळं मैदान ठेवून 33व्या वर्षी तसं उभं राहणं, हे धाडस कोरियाला परवडलं ते पुढच्या फळीमुळे. समोरचा पासर एका सेकंदापेक्षा जास्त मोकळा राहिला, तर त्या रेषेच्या मागे चेंडू पडणारच. तसा वेळ मिळू नये म्हणून किम नाम-इल आणि यू सांग-चुल हे दोन मिडफिल्डर आणि तिन्ही फॉरवर्ड सतत चेंडूवर धावून जात. हिडिंकबरोबर आलेले फिटनेस प्रशिक्षक रेमंड व्हरहायेन यांनी वारंवार धावून पटकन सावरायची जी तयारी करून घेतली, ती दम दाखवण्यासाठी नव्हती. होंगला त्या जागी उभं करता यावं यासाठी होती.

मैदानावरच्या बोलण्याचाही इथे संबंध आहे. कोरियन संघात वयाने मोठ्याला मान देऊनच हाक मारायची, जेवायलाही ज्येष्ठ वेगळे आणि धाकटे वेगळे. हिडिंकनी ही पद्धत मोडायला लावली: मैदानावर सगळ्यांनी एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारायची. आपल्याकडेही विशीतला पोरगा तेहतिशीच्या कर्णधाराला 'सरक डावीकडे' असं ओरडून सांगताना अडखळेल. तिघांच्या बचावात तो अर्धा सेकंद महाग पडतो.

आता आकडे बघा. पोलंडवर 2-0, अमेरिकेशी 1-1, पोर्तुगालवर 1-0, इटलीवर जादा वेळेत 2-1, स्पेनशी 0-0 आणि पेनल्टीवर विजय. पाच सामने, त्यातले दोन जादा वेळेचे, आणि खाल्लेले गोल दोन. एक अमेरिकेच्या मॅथिसचा, रेषेच्या मागे टाकलेल्या पासवर. दुसरा इटलीच्या व्हिएरीचा, कॉर्नरवर डोक्याने. इटली आणि स्पेनविरुद्धच्या पंचांच्या निर्णयांवर आजही भांडणं होतात, आणि ती निराधार नाहीत. इटलीच्या टोम्मासीचा ऑफसाइड ठरवलेला गोल आणि स्पेनचे नाकारलेले दोन गोल मी कोरियाच्या बचावाच्या खात्यात जमा करणार नाही. तेवढं वगळूनही ओघातल्या खेळात या तिघांना फोडणं कोणालाच सहज जमलं नाही.

सामना बघताना कॅमेरा चेंडूवर असतो, ही मोठी अडचण. म्हणून गोलकिक, लांब पास आणि फ्रीकिक या वेळी चित्र थांबवा. तेव्हा पूर्ण रेषा दिसते. होंगचे खांदे बघा. तो गोलकडे पाठ करून सरळ उभा क्वचितच सापडेल. अर्धा वळलेला, एक खांदा चेंडूकडे आणि दुसरा मागच्या मोकळ्या जागेकडे. असं उभं राहिलं की मागे धावायला वळण्याची वेगळी क्रिया लागत नाही. मग चेंडू घेताना बघा: जवळच्या पायाने न थांबवता लांबच्या पायावर घेतो, म्हणजे पहिल्या स्पर्शातच मैदानाची दुसरी बाजू उघडते. आणि हात बघा. चेंडू दुसरीकडे असताना तो सतत चोई आणि किम ते-यंग यांना हाताने सरकवत असतो. टॅकल दिसत नाहीत त्याचं कारण हेच; टॅकलची वेळ आली म्हणजे आधीचं काहीतरी चुकलं.

इटलीविरुद्ध तो 83व्या मिनिटाला बाहेर आला हे बरेच जण विसरतात. 0-1 ने मागे असताना हिडिंकनी आधी किम ते-यंग, मग किम नाम-इल आणि शेवटी कर्णधार होंगला काढून ह्वांग, ली चुन-सू आणि चा दू-री हे तीन हल्लेखोर घातले. 88व्या मिनिटाला सोल गी-ह्यनने बरोबरी केली, 117व्या मिनिटाला आन जंग-ह्वानने गोल्डन गोल (जादा वेळेतला, होताच सामना संपवणारा गोल) केला. म्हणजे सगळ्यात गाजलेल्या क्षणी होंग बाकावर होता. बदला घेतल्यासारखा त्याचा क्षण चार दिवसांनी आला. स्पेनविरुद्ध ली उन-जेने, 1994 चा तोच पोरगा, होआकिनची पेनल्टी अडवली आणि पाचवी, शेवटची पेनल्टी होंगने मारली. 5-3.

उपांत्य सामन्यात जर्मनीकडून 0-1. बालाकचा गोल दाखवतो की या रचनेचं दुखणं कुठे होतं: उजवीकडून नॉयव्हिलेने मागे ओढून दिलेला पास, तिघे बचावपटू गोलच्या दिशेने धावत असताना उशिरा आलेला मिडफिल्डर. त्याला धरायचं कोणी, याचं उत्तर तिघांच्या बचावात मिडफिल्डकडे असतं. दमलेल्या मिडफिल्डकडे ते नव्हतं. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात तुर्कस्तानकडून 2-3, आणि त्यात विश्वचषकातला सर्वांत जलद गोल, अकराव्या सेकंदाला. कोरियाने सुरुवात केली, चेंडू मागे होंगकडे आला, इल्हान मान्सिझ थेट अंगावर धावला, चेंडू निसटला आणि हकान शुकुरने मारला. शेवटच्या माणसाच्या मागे कोणी नसतं. एरवी त्याच्याकडे चेंडू येतो तेव्हा किमान दोन सहकारी कोन देऊन उभे असतात. किकऑफच्या पहिल्या पाच सेकंदांत सगळे पुढे बघत असतात. मुलांना शिकवणाऱ्यांनी ही अकरा सेकंदं नक्की दाखवावीत.

20 नोव्हेंबर 2002 ला सोलमध्ये ब्राझीलविरुद्ध राष्ट्रीय संघाचा निरोप, आणि 2003-04 मध्ये एलए गॅलेक्सीकडून दोन हंगाम. मेजर लीग सॉकरमधला पहिला कोरियन. तिथेच खेळणं थांबलं. प्रशिक्षक म्हणून 2012 लंडन ऑलिंपिकचं ब्राँझ, 2014 विश्वचषकातली गटातच बाद होण्याची नामुष्की आणि राजीनामा, उल्सानबरोबर 2022 आणि 2023 ची लागोपाठ विजेतेपदं, मग 2024 मध्ये राष्ट्रीय संघावर पुन्हा झालेली वादग्रस्त नेमणूक: हा वेगळ्या उत्तराचा विषय आहे.

सुरुवात कुठून करायची, तर आधी 1998 चा नेदरलँड्सविरुद्धचा सामना आणि लगेच त्याच्यामागे 2002 चा पोलंडविरुद्धचा. 20 नंबर कुठे उभा आहे आणि बाजूच्या दोघांपासून किती लांब आहे, एवढंच दोन्हीकडे मोजत चला.